फेटा, श्रीफळ आणि न लागलेला नंबर

मु. पो. बोरखिंड, ता. कराड
घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

तीर्थस्वरूप क्रांतीआत्यांस,

पृथ्वीराजचा साष्टांग नमस्कार. (नमस्कार खरोखरच साष्टांग आहे, कारण हे पत्र मी माळ्यावर पालथा पडून लिहितोय. खाली बसायला जागा नाही. खाली माझं सांत्वन चालू आहे.) तुमची तब्येत कशी आहे? नाईट ड्युटीनं तुमची कंबर धरते असं ऐकलं. कुणाकडून ऐकलं ते विचारू नका. या घरात तुमचं नाव कुणी घेत नाही, पण खबर सगळ्यांना असते. मामांचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे आण्णांचा रक्तदाब वर, आईचा आवाज खाली आणि मी या दोन्हींच्या वर, माळ्यावर.

पत्र बघून तुम्ही दचकला असाल. हल्ली पत्र येतं ते बँकेचं, नाहीतर कोर्टाचं. मी फोनच केला असता, पण आमच्या घरात फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायची रीत आहे. बोलणारा एक आणि ऐकणारे आई, आण्णा, वैरण टाकायला आलेला गडी आणि कुंपणापलीकडे कपडे धुणाऱ्या भावकीतल्या दोन काकी. या काकी मधेमधे उत्तरंही देतात. व्हॉट्सॲपवर लिहावं तर माझा मोबाईल आण्णा रोज संध्याकाळी तपासायला मागतात. पूर्वी ते कुठल्या पोरीचा मेसेज आलाय का ते बघायचे. हल्ली नर्सिंगचा काही आलाय का ते बघतात. पोरीचा सापडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं, असं मला कधीकधी वाटतं.

तर मुद्द्याचं आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. सांगलीच्या त्या कॉलेजात बी.एस्सी. नर्सिंगला माझा नंबर लागला नाही. मार्क बरे होते. पण बरे मार्क असलेली पोरं-पोरी जिल्ह्यात एवढी निघाली की 'बरे' म्हणजे काहीच नाही असं ठरलं. शेवटच्या फेरीपर्यंत मी प्रतीक्षा यादीत होतो. (लग्नात जेवणाऱ्याच्या पाठीमागं खुर्ची धरून उभं राहतात ना, तसं. तो उठतो, हात धुवायला जातो, आणि खुर्चीवर रुमाल दुसऱ्याचाच पडतो.) मला पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यायची आहे. आण्णांचा हुकूम असा की दसरा झाला की मी साताऱ्याच्या भरती अकॅडमीत जायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. कराडच्या स्टँडवर उभं राहिलं की एक गाडी वर साताऱ्याला जाते आणि एक खाली सांगलीला. मी सध्या त्या दोन फलाटांच्या मधे उभा आहे आणि माझं तिकीट आण्णांच्या खिशात आहे.

आण्णांचं म्हणणं काय, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्ही नर्स व्हायला निघालात तेव्हा ते त्यांनी तुम्हालाच ऐकवलं होतं. फरक एवढाच की तुमच्या वेळी 'आपल्या घरातल्या बायका परक्याची सेवा करत नाहीत' असं होतं, आणि माझ्या वेळी 'आपल्या घरातले गडी सेवा करत नाहीत' असं झालं. म्हणजे आमच्या घरात सेवा नेमकी कुणी करायची हे अजून ठरलेलं नाही. (आई करते. पण ती ठरावात येत नाही.) तुमच्या दोघांच्या अबोल्याचंही मूळ तेच. आजोबा मिरजेला ॲडमिट होते तेव्हा तुम्ही सगळ्या पाहुण्यांदेखत आण्णांना सांगितलंत की दादा, बूट बाहेर काढा, हात धुवा आणि एका वेळी एकानंच आत या. आण्णांच्या मते हवालदाराला बूट काढायला जनरलसुद्धा सांगत नाही. त्या वेळी आजोबा तुमच्या हातून बरे होऊन घरी आले, पुढं बरंच जगले आणि मरेपर्यंत तुमचं कौतुक करत राहिले, पण तो मुद्दा आण्णांच्या लेखी गौण आहे. आजोबांच्या तेराव्याला तुम्ही समोर बसलेल्या असताना त्यांनी आईला विचारलं होतं, मिरजेकडच्या पाहुण्यांनी चहा घेतला का. मी तिथंच होतो. तुम्ही आईलाच उत्तर दिलंत की पाहुण्यांचा चहा झाला, हवालदारसाहेबांचं काय ते बघा. दोघं एकाच आईची लेकरं शोभता.

मी फौजेसाठी प्रयत्नच केला नाही असं नाही. पणजोबा पलटणीत, आजोबा पलटणीत, आण्णा हवालदार होऊन पेन्शनीत, आणि माझं नाव पृथ्वीराज. (आण्णांना सगळ्यात जास्त हे नाव खटकतं. उद्या एखादा पेशंट 'पृथ्वीराज, जरा भांडं दे' म्हणाला तर ते कानाला कसं लागेल, असं ते आईला विचारत होते.) तर भरतीच्या मैदानावर माझ्या पुढं पळणारा जतकडचा धुळा नावाचा पोरगा पोटरीत गोळा येऊन पडला. मी थांबलो, त्याचा पाय सरळ केला, पंजा वर ओढून धरला. गोळा सुटला. धुळा उठला, मागं वळून न बघता पळत सुटला आणि भरती झाला. मला उशीर झाला म्हणून मी बाहेर. आता दर रविवारी तो मला गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' पाठवतो. हिशेबानं बघितलं तर फौजेला माझ्यामुळं एक जवान मिळाला, पण हे आण्णांपुढं मांडायची छाती माझ्यात नाही. (छातीचं माप तर घरी घेतलं तेव्हाही कमीच भरलं होतं.)

निकालाच्या आधी आण्णांची घरात सक्त ताकीद होती की नर्सिंगचं नाव उंबऱ्याबाहेर जाता कामा नये. कुणी विचारलं तर पोरगा कॉम्प्युटरचं काहीतरी करतोय असं सांगायचं. गावात कॉम्प्युटरचं काहीतरी करणाऱ्या पोरांची एवढी गर्दी आहे की पुढं कुणी विचारत नाही. म्हणजे माझा नंबर लागला नाही तेव्हा खरं तर आण्णांनी पेढे वाटायला हवे होते, आणि सुरुवातीला ते तसे खुशीतही होते. मला स्वतःहून म्हणाले की जाऊ दे, चहा घे. मग एका सकाळी वेशीवर फ्लेक्स लागला. वरच्या आळीच्या भावकीतल्या राजेश्वरीचा नंबर लागला होता, त्याच कॉलेजात. फ्लेक्सवर राजेश्वरी एवढीशी आणि तिच्याभोवती शुभेच्छुक म्हणून तिचे सगळे चुलते, गॉगल लावून. बांधाच्या भांडणापासून त्या घराशी आपलं बोलणं नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. आण्णा डेअरीला दूध घालून परत आले, रिकामी किटली ओट्यावर आपटली आणि आईला म्हणाले, "त्यांच्या पोरीला घेतलं, आन् आपल्याला न्हाई म्हणून सांगितलं?"

आत्या, त्या 'आपल्याला'वर माझ्या हातातला चहा सांडला. आदल्या संध्याकाळपर्यंत नर्सिंग हे बायकी काम होतं. त्या सकाळी ते आमच्या खानदानाचं वतन झालं होतं आणि कुणीतरी ते हिसकावून घेतलं होतं. राजेश्वरीनं वर्षभर अभ्यास केला, तिला माझ्यापेक्षा मार्क जास्त पडले, म्हणून तिला घेतलं, असंही एक कारण असू शकतं. पण त्या दिशेनं आमच्या घरात विचार झाला नाही. वरच्या आळीचा कुणीतरी माणूस आत असणार, एवढ्यावर सगळ्यांचं एकमत झालं. मी तिला वाटेत गाठून अभिनंदन केलं तर तेही फितुरीत धरलं गेलं.

मग बातमी गावभर झाली आणि लोक भेटायला यायला लागले. आता गावात आजाऱ्याला भेटायला जायची रीत आहे, दुखवट्याला जायची रीत आहे, पण नंबर न लागलेल्याला भेटायला काय घेऊन जायचं हे ठरलेलं नाही. त्यामुळं निम्मे लोक शहाळी आणि ग्लुकोजची बिस्किटं घेऊन आले आणि निम्मे चहापावडर आणि साखर घेऊन. बायका आईशेजारी बसून तोंडाला पदर लावत होत्या. 'लय गुणाचं हुतं गं पोरगं' हे मी माळ्यावरून माझ्या कानांनी ऐकलं. खालच्या आळीच्या धोंडुबाईनं तर दारातच गळा काढला, आणि आत आल्यावर मी जिवंत दिसलो तेव्हा ती थोडी नाराज झाली. जो तो जाताना सल्ला ठेवून गेला. कुणी शेळ्या पाळायला सांगितलं, कुणी कोंबड्या, कुणी जेसीबीचं लायसन्स काढायला. धोंडुबाईनं लग्न सुचवलं. ज्याचा कुठंच नंबर लागत नाही त्याचं लग्न करून टाकावं असं तिचं मत आहे. (मुलीकडच्यांनी काय पाप केलंय ते तिनं सांगितलं नाही.) आणि यातली बरीच मंडळी उठता उठता मला खाली बोलावून मनगट पुढं करायची, जरा नाडी बघ म्हणून. ज्या कामाला मी लायक नाही म्हणून हळहळायला आले होते, तेच काम फुकटात करून घेऊन गेले. साखर मात्र आता संक्रांतीपर्यंत विकत घ्यावी लागणार नाही.

आण्णांनी बाळासोंना गाठलं. बाळासो म्हणजे आमच्या सोसायटीचे माजी चेअरमन. तुम्ही गावात होता तेव्हा ते नुसते बाळू होते म्हणे. त्यांचं आयुष्यात एकच तत्त्व आहे. जिथं काम अडेल तिथं आधी सत्कार करायचा. लाइनमनचा सत्कार केला, जळालेला ट्रान्सफॉर्मर बदलून मिळाला. तलाठ्याचा केला, वाटेचा वाद मिटला. बदलून आलेल्या फौजदाराचा तर त्यानं खुर्चीवर बसायच्या आत केला. तो कशासाठी, ते अजून बाहेर आलेलं नाही. माणसाच्या डोक्याला फेटा बसला आणि फोटो निघाला की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नाही, असा त्यांचा अनुभव आहे. तेव्हा सांगलीला जाऊन कॉलेजच्या प्राचार्य बाईंचा आरोग्यसेवेतील योगदानाबद्दल सत्कार करायचा, आणि फोटो झाला की हळूच माझा विषय काढायचा, असं ठरलं. पितरांच्या पंधरवड्यात सत्कार कसा करायचा, असं आईनं विचारलं. बाळासो म्हणाले की वहिनी, सत्कार हे काय शुभकार्य नव्हे, ते काम आहे. त्यांच्या तोंडून एवढं खरं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

जीप ठरली. पुढं बाळासो, मागं कोटावर पदकं लावलेले आण्णा, त्यांचे दोन पेन्शनर सुभेदार मित्र, आणि शाल-फेटा-श्रीफळाची पिशवी मांडीवर घेतलेला मी. मला तोंड पाडून बसायची सूचना होती. ती न देताही मला जमलं असतं. बाळासोंना संकष्टीचा कडक उपास होता, सकाळपासून पोटात नुसता चहा, आणि ऊन असं की जीपच्या पत्र्यावर भाकरी भाजावी. तरी सांगली येईपर्यंत ते भाषणाची उजळणी करत होते.

प्राचार्य बाई अंगानं तुमच्याएवढ्याच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी आम्हाला आधी पालक समजून आत घेतलं आणि पिशवीतून फेटा बाहेर आला तेव्हा स्पष्ट सांगितलं की सत्कार वगैरे नको, काम काय ते सांगा. आता आपल्याकडं 'नको' याचा अर्थ 'आग्रह करा' असा होतो. जेवताना ताटावर हात आडवे धरणाऱ्याच्या बोटांमधून जिलेबी सोडणारी आम्ही माणसं. बाळासोंनी हसून शाल उलगडली, सुभेदारांनी मोबाईलवर फोटो काढला, आणि बाई उठून उभ्या राहिल्या त्या रागानं, पण बाळासोंना वाटलं मानानं. त्यांनी भाषण सुरू केलं. इतिहासापासून निघालेलं भाषण आमच्या गावच्या पाणी योजनेपर्यंत आलं, 'या माउलीच्या हातून' एवढे शब्द झाले आणि बाळासो शालीसकट जमिनीवर आडवे झाले.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. एका सुभेदारांनी कांदा मागितला. (प्राचार्यांच्या ऑफिसात.) दुसऱ्यांनी पायातली चप्पल काढून बाळासोंच्या नाकाला लावायला घेतली. आण्णा 'ऊठ, सावधान' असं कवायतीच्या आवाजात ओरडायला लागले. आणि आत्या, त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो, हसू नका. मला वाटलं, हीच आपली वेळ. सगळं जुळून आलंय. पेशंट आहे, प्राचार्य आहेत, आण्णा बघतायत. सिनेमात अशा वेळी पोरगा पुढं होतो, पेशंट डोळे उघडतो आणि बाई म्हणतात, याला आजच दाखल करून घ्या. तर मी पुढं झालो. चप्पल बाजूला सारली, इथपर्यंत बरोबर होतं. गर्दी हटवली, तेही बरोबर. मग मी बाळासोंचं डोकं मांडीवर घेतलं, टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला, एकदा बाईंकडं बघून घेतलं आणि तो त्यांच्या तोंडात ओतला.

बाळासोंना जो ठसका लागला तो थांबेना. श्वास अडकला, चेहरा जांभळा व्हायला लागला. बाईंनी मला खांद्याला धरून बाजूला ढकललं. (वजन फार नसेल त्यांचं, पण मी कपाटापर्यंत गेलो.) बाळासोंना झटकन कुशीवर वळवलं, तोंडातलं पाणी बाहेर येऊ दिलं, गळ्याचं बटण सोडलं. श्वास लागल्यावर उताणं निजवून पाय वर घ्यायला सांगितले. पायाखाली घ्यायला आमची शाल होतीच, ती गुंडाळून ठेवली. वारा घालायला फेटा उलगडला. बाळासो नीट शुद्धीवर येऊन बोलायला लागले तेव्हा एका सुभेदारांनी बाहेरच्या पायरीवर श्रीफळ फोडून आणलं आणि त्यातलं घोटभर पाणी त्यांना बसवून पाजलं. सत्काराच्या साहित्याचा एवढा खरा उपयोग आमच्या तालुक्यात आजवर झालेला नाही.

मग बाई माझ्याकडं वळल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालतात का? ते फुप्फुसात गेलं असतं म्हणजे?" आण्णा मधे पडले आणि सांगायला लागले की पोराला सवय आहे, घरी बैलाला नळकांड्यानं औषध हाच पाजतो. बैल शुद्धीवर असतो, एवढंच बाई म्हणाल्या.

आत्या, नंबर लागला नाही तेव्हा मला वाईट वाटलं होतं, पण ते चारचौघांत हसं झाल्याचं वाईट होतं. त्या ऑफिसात मला खरी लाज वाटली. आजोबांना कुशीवर कसं वळवायचं, भरवताना उशी किती वर घ्यायची, हे तुम्ही माझे हात धरून दाखवलं होतंत. शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा ते सगळं मीच करत होतो आणि त्यांना एकदासुद्धा ठसका लागला नाही. मग त्या दिवशी मी ते कसं विसरलो? माझं लक्ष बाळासोंवर नव्हतंच. ते बाईंवर होतं. एक माणूस माझ्या मांडीवर गुदमरत होता आणि मी आपली ॲडमिशन बघत होतो. मला नर्सिंगला कशासाठी जायचं होतं, तेही खरं सांगून टाकतो. नोकरी लवकर लागते म्हणून, आणि शेजारच्या गावचा एकजण जर्मनीला गेला म्हणून. आता मला ते काम यायला हवं आहे. येत नाही याचा मला राग आलाय, आणि असा राग मला आजवर कुठल्याच गोष्टीचा आला नव्हता.

निघताना मी धीर करून विचारलं की पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊ का. बाई म्हणाल्या, "जरूर द्या. पण हे वर्ष आजारी माणसांत काढा. कुणीतरी चूक झाली की तिथल्या तिथं सांगणारं जवळ असू द्या." एवढं बोलून त्यांनी आमचा फेटा नीट घडी घालून पिशवीत ठेवला आणि पिशवी आण्णांच्या हातात दिली. आण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली, जणू तिथं सत्कार त्यांचाच झाला होता.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरीच्या फ्लेक्सशेजारी तेवढाच मोठा दुसरा फ्लेक्स लागला, 'सांगली येथील नर्सिंग महाविद्यालयास माननीय बाळासो यांची सदिच्छा भेट व आरोग्यविषयक सखोल चर्चा'. फोटो पडायच्या आधीचा आहे. चर्चा झाली हे खोटं नाही, फक्त ती चालू असताना माननीय आडवे होते. त्यांचा माझ्यावर राग नाही. उलट आपल्याला मरणाच्या दारातून प्राचार्यांनी परत आणलं, असं ते सांगत फिरतात. दारापर्यंत कुणी नेलं ते सांगत नाहीत, एवढा त्यांचा मोठेपणा.

आण्णांचं मात्र वतन सुटलं. भावकीचा राग ओसरला, नर्सिंग पुन्हा बायकी झालं, आणि त्यांनी हुकूम काढला तो वर लिहिलाच आहे. मी त्यांच्यासमोर उभा राहून सांगितलं की मला पुन्हा परीक्षा द्यायची आहे. ते म्हणाले न्हाई. मी कारण विचारलं, त्यावर ते पुन्हा न्हाई म्हणाले. तेव्हा आई, जी या घरात सहसा बोलत नाही, ती भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याला जे येत न्हाई ते त्यो शिकतो म्हणतोय. आन् जे हुणारच न्हाई ते करायला तुमी त्याला धाडताय." आण्णा उठले आणि बैलांना वैरण टाकायला गेले. वैरण आधीच टाकलेली होती. त्या दिवशी बैलांनी दोनदा खाल्लं आणि आण्णांनी एकदाही नाही. हुकूम मात्र तसाच आहे.

बाकी विशेष काही नाही. हे पत्र मी काही मागण्यासाठी लिहिलेलं नाही, नुसती खुशाली कळावी एवढाच हेतू. मामांना नमस्कार. तुमच्याकडच्या लहानांना आशीर्वाद. (लहानांपैकी कुणाला माझ्यापेक्षा जास्त मार्क असतील तर त्यांनाही नमस्कारच.) खाली नवी मंडळी आलेली दिसतात, पुन्हा हुंदके ऐकू येतायत, तेव्हा आवरतो.

तुमचा भाचा,
पृथ्वीराज

ता. क. काही मागायचं नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. मला हे वर्ष तुमच्याकडं ठेवून घ्याल का? कुठंही झोपेन. तुमच्या ओळखीनं एखाद्या दवाखान्यात वॉर्डात मदतीला ठेवा. फरशी पुसेन, चादरी बदलेन, भांडी देईन, घेईन. चुकलो तर सगळ्यांदेखत ओरडा, चालेल. बाहेरचं काम संपल्यावर अभ्यास करीन. दसऱ्याच्या आत तुमचं उत्तर आलं तर बरं, कारण त्यानंतर मी साताऱ्यात पहाटेचा पळत असेन आणि पुढं कुणीतरी पडला तर मी पुन्हा थांबेन, हे तुम्हालाही माहीत आहे.

ता. क. दुसरा. पाकिटावर पत्ता लिहायला बसलो तेव्हा कळलं की तुम्ही घर बदललंय आणि नवा पत्ता माझ्याकडं नाही. आईला मिरज एवढंच माहीत. शेवटी आण्णांना विचारावं लागलं. एका ओळखीच्यांना दसऱ्याच्या शुभेच्छा पाठवतोय असं सांगितलं. तुम्ही मिरजेत राहता की मुंबईत याची आपल्याला कल्पना नाही असं आण्णा चारचौघांत सांगतात. त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या, डोळे न उघडता, घर नंबर, गल्ली, खाली असलेलं शिंप्याचं दुकान आणि पिनकोड सांगितला. मग डोळे उघडले आणि म्हणाले, शुभेच्छा जरा जड दिसतायत, आण इकडं. मी एवढ्या ओळी तिथंच उभ्यानं लिहितोय आणि त्यांचा हात पुढं आहे. खाली अक्षर बदललं तर समजून घ्या.

क्रांतीस नाथाजीचा आशीर्वाद. पत्र वाचलं. पोरगं लय वाढवून लिवतंय. मी बाळासोला सावधान म्हटलं न्हवतं, नुस्तं ऊठ म्हटलं. बैलं उपाशी हुती. बाकीचं खरं हाय. दसरा झाला की म्या सोता त्याला मिरजेला आणून सोडतो. त्याला भात कमी लागतो, भाकरी लागते. त्याच्या हाताला धरून शिकीव, बाबांच्या वक्ताला शिकीवलंस तसं. पोराला फौजेनं न्हाई म्हटलं, कालिजनं न्हाई म्हटलं, मीबी म्हटलं. तू म्हणू नगंस.